गंगापूर रोड, पाथर्डी फाटा की अमृतधाम? नाशिकमध्ये घर घेताना तुलना कशाची करावी

आपण मांडलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. सर्व खर्च धरून ८५ लाख रुपयांच्या आत नाशिकमध्ये घर घ्यायचे आहे आणि तीन घरे पाहून झाली आहेत. पहिले गंगापूर रोडच्या आतल्या एका कॉलनीत, १६ वर्षांपूर्वीच्या चार मजली इमारतीतले दोन बेडरूमचे. दुसरे पाथर्डी फाट्याजवळ बांधकाम सुरू असलेल्या चौदा मजली प्रकल्पातले तीन बेडरूमचे. तिसरे पंचवटीतल्या अमृतधाम परिसरातले, पूर्णत्वाचा दाखला मिळालेले, तीन बेडरूमचे तयार घर. आपली नोकरी अंबड औद्योगिक वसाहतीत आहे, पत्नी नाशिक रोडला बँकेत आहेत, मुलगी पाचवीत शिकते आणि आई-वडील सोबत राहतात. या तिन्हींपैकी चांगली वस्ती कोणती, असा आपला प्रश्न आहे.

मी स्थापत्य अभियंता असून बँकांसाठी घरांच्या मूल्यांकनाचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की नाशिकमध्ये एकाच वस्तीतल्या दोन गल्ल्यांमधला फरक हा दोन वस्त्यांमधल्या फरकापेक्षा पुष्कळदा मोठा निघतो. १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा जुने नाशिक, नाशिक रोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची अनेक गावे एकत्र आली. त्या गावांच्या गावठाणांभोवती मळे होते आणि त्या मळ्यांचे हळूहळू ले-आउट पडत गेले. त्यामुळे ‘गंगापूर रोड’ या एका नावाखाली अशोक स्तंभापासून थेट गंगापूर गावापर्यंतचा पट्टा येतो, आणि त्यात नियोजित कॉलन्या, आनंदवलीसारखे जुने गावठाण, नदीकाठचे मळे आणि नव्या उंच इमारती असे सगळे शेजारी-शेजारी आहे. ‘इंदिरानगर’ हे नाव तर दलालांच्या जाहिरातीत दरवर्षी थोडे पुढे सरकत असते. म्हणून वस्तीच्या नावाची तुलना सोडून त्या विशिष्ट इमारतीसमोरच्या रस्त्याची, तिच्या खालच्या भूखंडाची आणि कागदपत्रांची तुलना करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम पैशाचे पाहू, कारण बहुतेकांची दिशाभूल तिथेच होते. पाथर्डी फाट्याच्या प्रकल्पात आपल्याला १,३५० चौरस फूट ‘सेलेबल’ क्षेत्र ५,९०० रुपये दराने सांगितले गेले, म्हणजे ७९ लाख ६५ हजार रुपये. गंगापूर रोडच्या घराचे १,१०० चौरस फूट बिल्टअप क्षेत्र ७,२०० रुपये दराने, म्हणजे ७९ लाख २० हजार. यावरून आपण गंगापूर रोड चौरस फुटाला १,३०० रुपयांनी महाग ठरवला आहे. हे दोन दर मुळात एकमेकांशी ताडून पाहण्याजोगेच नाहीत. स्थावर मालमत्ता नियमनाच्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची, म्हणजे घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेची, व्याख्या निश्चित केल्यानंतरही तोंडी बोलणीत सेलेबलचाच दर चालतो, आणि त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा किती वाटा घालायचा हे विक्रेताच ठरवतो. आपण पाठवलेल्या नकाशांवरून पहिल्या घराचे चटई क्षेत्र ८८० चौरस फूट आणि दुसऱ्याचे ९६० चौरस फूट येते. त्याप्रमाणे भागिले तर गंगापूर रोडचा दर ९,००० रुपये आणि पाथर्डी फाट्याचा सुमारे ८,३०० रुपये पडतो. १,३०० रुपयांचा फरक ७०० वर आला.

याच्यापुढे कर धरावा लागतो. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे. १ टक्क्याचा सवलतीचा दर ४५ लाखांपर्यंतच्या आणि नाशिकसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या घरांसाठीच असल्याने तो आपल्याला लागू होत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर मात्र जीएसटी नाही. पाथर्डी फाट्याच्या घराला जवळजवळ ४ लाखांचा जीएसटी धरला की किंमत ८३ लाख ६३ हजारांच्या घरात जाते आणि चटई क्षेत्राचा दर ८,७०० रुपयांच्या वर पोहोचतो. म्हणजे ‘महाग’ गंगापूर रोड आणि ‘परवडणारा’ पाथर्डी फाटा यांच्यातला खरा फरक चौरस फुटाला ३०० रुपयांहून कमी आहे. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये, नोंदणी शुल्क मिळवले तर पाथर्डी फाट्याचे घर ८८ लाखांच्या पुढे जाते. घर केवळ आपल्या पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तरीही आकडा ८८ लाखांच्या आसपासच राहतो आणि आपली मर्यादा ओलांडली जाते. गंगापूर रोडचे घर ८४ लाख २५ हजारांत बसते. अमृतधामचे घर ६८ लाखांना सांगितले आहे, ते सर्व धरून साडेबहात्तर लाखांच्या आत येते. पार्किंग, विकास शुल्क, वीजजोडणी, देखभालीची आगाऊ रक्कम अशा नावांखाली प्रकल्पवाले आणखी काय मागणार आहेत, हे लेखी घेतल्याशिवाय पाथर्डी फाट्याचा हिशेब पूर्ण झाला असे समजू नये.

आता जमिनीकडे वळू. घर घेताना आपण दोन वस्तू विकत घेतो, बांधकाम आणि त्याखालच्या जमिनीतला अविभक्त हिस्सा. बांधकामाचे मूल्य दरवर्षी घटते. किंमत वाढली असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात जमीन वाढलेली असते. गंगापूर रोडची इमारत १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर असून तिच्यात १६ घरे आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळमानाने ६२ चौरस मीटर, अर्थात पावणेसातशे चौरस फुटांच्या आसपास जमीन येते. पाथर्डी फाट्याच्या प्रकल्पात ३,५०० चौरस मीटरवर १२६ घरे आहेत, म्हणजे घरटी सुमारे ३०० चौरस फूट. पैसे जवळपास तेवढेच देऊन पहिल्या ठिकाणी दुपटीहून अधिक जमीन मिळते आणि तीही महाग भागातली. मूल्यांकन अहवालात हा मुद्दा आम्ही पहिल्या पानावर लिहितो, आणि खरेदीदार मात्र तो क्वचितच विचारतात.

पण हा हिस्सा पुढे उपयोगाला येईल का, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१० आहे आणि त्यावर अधिमूल्य भरून मिळणारा निर्देशांक व टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किती वापरता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर हे जादा क्षेत्र मिळत नाही. त्यापुढे रुंदी वाढेल तशी मर्यादा वाढत जाते. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर या भागांतल्या ज्या जुन्या इमारतींचे आज पुनर्विकासाचे करार होत आहेत, त्यांच्यासमोरचे रस्ते पाहिले की याचा उलगडा होतो. तेव्हा त्या कॉलनीत जाऊन रस्ता प्रत्यक्ष मोजावा आणि महानगरपालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा घेऊन मंजूर रुंदीशी पडताळावा. ६ किंवा साडेसात मीटरच्या रस्त्यावरची इमारत असेल, तर पुनर्विकासाच्या आशेपोटी एक रुपयाही जास्त देऊ नये.

अरुंद रस्त्यांवरून नाशिककरांना ‘कपाट प्रकरण’ आठवेल. कपाटासाठी सोडलेली जागा खोलीत सामावून घेतल्याने निर्देशांकाचे उल्लंघन झाले, अशा कारणावरून अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षे अडकले, आणि त्यातल्या बहुतांश इमारती ६ व साडेसात मीटर रस्त्यांवरच्या होत्या. लोक राहायला गेले, घरपट्टी भरू लागले, पण दाखला नाही. आपण पाहिलेली १६ वर्षांची इमारत त्याच्या आधीची आहे, तरी पूर्णत्वाचा दाखला आणि मंजूर नकाशा दोन्ही मागावेत आणि बाल्कनी बंद केली आहे का, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये काही बांधले आहे का, हे नकाशाशी ताडून पाहावे. ‘सगळ्यांनीच केले आहे’ हे उत्तर कर्ज देणाऱ्या बँकेला चालत नाही.

दराच्या बाबतीत आणखी एक. शेजारी सांगतात तो दर, दलाल सांगतो तो दर आणि प्रत्यक्ष नोंदणी झालेला दर हे तीन वेगळे असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर त्या सर्व्हे क्रमांकातल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, पाहता येते. त्याच इमारतीतली किंवा शेजारची दोन-तीन खरेदीखते मिळाली, तर वाटाघाटीला भक्कम आधार येतो. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर हा बाजारभाव नसून मुद्रांक शुल्काचा किमान पाया आहे. २०२५-२६ मध्ये नाशिक महानगरपालिका क्षेत्रात तो सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढला, म्हणून घरमालकानेही तेवढी वाढ मागावी हे तर्काला धरून नाही.

पैशांनंतर पाणी, आणि नाशिकमध्ये पाण्याचे दोन अर्थ होतात. पहिला पुराचा. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर गोदावरीच्या पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि नदीकाठच्या अनेक भूखंडांचे भवितव्य बदलले. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्येही नदी सराफ बाजारापर्यंत आली होती. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, त्यात जोते लाल रेषेच्या पातळीहून वर असावे ही अट महत्त्वाची. याचा व्यवहारातला अर्थ असा की घर कोरडे राहील, पण पार्किंगमधली गाडी, पाण्याचा पंप, विजेचे मीटर आणि लिफ्टचा खड्डा पाण्यात जाऊ शकतो. गंगापूर धरण शहराच्या अगदी वरच्या अंगाला असल्याने विसर्ग वाढवल्याची सूचना आणि पाणी यांच्यात फार वेळ नसतो. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की पंचवटीतले दुकानदार माल वर उचलू लागतात. गंगापूर रोडच्या नदीकडच्या कॉलन्यांत मात्र असे कोणतेही परिचित माप नाही, आणि नव्याने राहायला आलेल्यांना नदी किती वर येऊ शकते याची कल्पनाच नसते.

केवळ गोदावरी पाहून थांबू नये. नंदिनी, जिला जुने लोक नासर्डी म्हणतात, ती सातपूर, तिडके कॉलनी, मुंबई नाका या भागांतून वाहत टाकळीला गोदावरीला मिळते. पंचवटीतून वाघाडी येते. वडनेर, विहितगाव, चेहेडीच्या बाजूला वालदेवी आहे. पावसाळा सोडला तर या नद्या नाल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांच्या काठावर भिंत बांधून ले-आउट विकले जातात. मी तर इमारतीच्या शेजारच्या टपरीवाल्याला किंवा सुरक्षारक्षकाला विचारतो की गेल्या काही पावसाळ्यांत पाणी कुठवर आले होते. विक्रेत्यापेक्षा त्याचे उत्तर खरे असते. आपल्या तिन्ही घरांपैकी गंगापूर रोडचे घर नदीपासून किती अंतरावर आहे हे आपण कळवलेले नाही. नदीकडच्या बाजूचे असेल, तर पूररेषा दाखवलेल्या नकाशावर तो सर्व्हे क्रमांक शोधणे हे पहिले काम समजावे.

पाण्याचा दुसरा अर्थ नळाचा. शहराला गंगापूर धरणासह मुकणे धरणातूनही पाणी येते. मुकणेचे पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून मुख्यतः सिडको, इंदिरानगर, पाथर्डी या दक्षिण-पश्चिम बाजूला दिले जाते. नाशिक रोडच्या काही भागाचा चेहेडी बंधाऱ्याशी संबंध येतो आणि तिथे वालदेवीचे दूषित पाणी मिसळण्याची तक्रार जुनीच आहे. वस्तीत जलवाहिनी असणे आणि चौदाव्या मजल्यावरच्या नळाला पाणी येणे यात फरक आहे. शंभराहून अधिक घरांच्या प्रकल्पाला महानगरपालिकेची किती इंची जोडणी मंजूर आहे, हे विचारावे. शेजारी दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेला प्रकल्प असेल, तर तिथल्या रहिवाशांकडून एप्रिल-मे महिन्यांतली टँकरची बिले पाहावीत. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव दाखवलेल्या इमारतींत प्यायच्या पाण्याचे टँकर आलेले मी पाहिले आहेत.

रोजच्या प्रवासाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. आपली नोकरी शहराच्या पश्चिम-दक्षिणेला आणि पत्नीची आग्नेयेला. या दोन टोकांच्या मध्ये द्वारका चौक आहे आणि तिथे मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रस्ता व शहरातली वाहतूक एकत्र येते. त्यामुळे कोणत्या घरातून द्वारका टाळता येते, हा खरा प्रश्न आहे. पाथर्डी फाट्याहून अंबड जवळच आहे, आणि नाशिक रोडला जाण्यासाठी वडाळा-पाथर्डी रस्त्याने किंवा वडनेर-विहितगावमार्गे द्वारका वगळून जाता येते. अमृतधामहून अंबडला जायला के. के. वाघ महाविद्यालयापासून गरवारे पॉइंटपर्यंतचा उड्डाणपूल मिळतो आणि नाशिक रोडला नांदूर नाका-जेल रोड असा वेगळा रस्ता आहे. नकाशावर लांब दिसणारे हे घर घड्याळाच्या हिशेबात तितके लांब नाही. गंगापूर रोडहून त्र्यंबक रोड, सातपूरमार्गे अंबड ठीक आहे, पण नाशिक रोडला जायचे म्हणजे संपूर्ण शहर आडवे कापावे लागते. मात्र एक गोष्ट विसरू नये. बँकेत दर काही वर्षांनी बदली होते, तर कारखान्यातली नोकरी सहसा एकाच ठिकाणी राहते. वीस वर्षांच्या कर्जाचे घर सध्याच्या शाखेच्या पत्त्यावर बेतणे योग्य नाही. आपला प्रवास अधिक स्थिर असल्याने त्याला जास्त वजन द्यावे. तिन्ही ठिकाणांहून सकाळी पाळी सुरू होण्याच्या वेळी आणि संध्याकाळी सुटण्याच्या वेळी प्रत्यक्ष गाडी चालवून पाहावी. रविवारी दुपारी घेतलेली वेळ कामाची नाही.

वास आणि आवाज यांची चौकशी संध्याकाळनंतर करावी. पाथर्डीच्या पुढे महानगरपालिकेचा खत प्रकल्प आहे आणि वाऱ्याची दिशा बदलली की त्याचा वास बऱ्याच अंतरावर येतो. आपला प्रकल्प फाट्याच्या कोणत्या बाजूला आहे यावर हे अवलंबून आहे. तपोवन आणि आगर टाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांजवळही हाच अनुभव येतो, तर एकलहऱ्याच्या बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या राखेची तक्रार ऐकू येते. महामार्गाला लागून असलेल्या इमारतींत वरच्या मजल्यावर आवाज कमी होतो ही समजूत नेहमी खरी ठरत नाही. मधल्या मजल्यांनाही तो बराच जाणवतो. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून मारतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतींवरची ओल पाहायची असेल तर जुने घर ऑगस्टमध्ये पाहणे उत्तम. गोदाकाठच्या मळ्यांमुळे गंगापूर रोडच्या कॉलन्यांत अधूनमधून बिबट्याही येऊन जातो, पण त्यामुळे तिथले दर उतरल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

विक्रेते ज्या भावी गोष्टींचे पैसे आज मागतात, त्यांबद्दल मी कठोर आहे. निओ मेट्रोची तरतूद २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि तेव्हापासून ‘मेट्रोच्या जवळ’ असा उल्लेख जाहिरातींत सुरू झाला. त्यानंतर वर्षे गेली, घर घेतलेल्यांचे हप्ते चालू आहेत आणि मेट्रो आलेली नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे टप्पा खुला होऊन पूर्ण झाला, पण तो शहरातून जात नाही. मुंबईकडे जाताना त्याचा लाभ घ्यायला आधी घोटी-इगतपुरीकडे जावे लागते आणि तो सर्व वस्त्यांना जवळपास सारखाच आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे होत आहेत, हे खरे. त्यातला जो रस्ता डांबर पडून वापरात आला आहे त्याचे पैसे द्यावेत, जो नकाशावर आहे त्याचे देऊ नयेत. अमृतधाम घेणार असाल तर हेही लक्षात घ्यावे की तपोवन व साधुग्राम त्या बाजूला असल्याने पर्वणीच्या दिवसांत तिथली वाहतूक बंद किंवा वळवलेली असते. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या अडचणीसाठी घर नाकारण्याचे कारण नाही, पण तपोवनाजवळच्या मोकळ्या जागेवर कसले आरक्षण आहे हे मात्र पाहायला हवे.

कागदपत्रांत वस्तीनुसार फरक पडतो. पाथर्डी, आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद या बाजूंच्या जमिनी काल-परवापर्यंत शेतीच्या होत्या, त्यामुळे सातबारा व फेरफारांची किमान ३० वर्षांची साखळी वकिलाकडून तपासावी, कुळ, इनाम किंवा भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा काही शेरा आहे का आणि बहिणींचे हक्क सोडल्याचे कागद आहेत का हे पाहावे. सिडकोतल्या घरांचा प्रश्न निराळा आहे. ती मुळात दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली असून हस्तांतरणाचे कागद आणि वर चढवलेल्या मजल्यांची परवानगी हे तिथले कळीचे मुद्दे असतात. गंगापूर रोडच्या जुन्या इमारतींत बहुतेक ठिकाणी सोसायटीऐवजी १९७० च्या कायद्याखालचे ‘अपार्टमेंट’ असते. तसे असेल तर घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट पाहावे, कारण जमिनीतल्या अविभक्त हिश्श्याची टक्केवारी त्यातच लिहिलेली असते. वर मी केलेला पावणेसातशे चौरस फुटांचा हिशेब तिथल्या टक्केवारीने पक्का होईल. सोसायटी असेल, तर अभिहस्तांतरण झाले आहे का, एवढे एकच विचारावे. झाले नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर आहे.

चालू प्रकल्पासाठी महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली, जमिनीवर कर्ज किंवा दावा आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो.

आता आपल्या तीन घरांविषयी माझे मत. पाथर्डी फाट्याची दिशा आपल्या कुटुंबासाठी योग्य आहे, पण ते विशिष्ट घर मी घेऊ नये असे सुचवेन. ते मर्यादेबाहेर जाते, जमिनीचा वाटा कमी आहे, आणि ताबा मिळेपर्यंत भाडे व हप्ता दोन्ही भरावे लागतील. अमृतधामचे घर हिशेबाने सर्वांत सुरक्षित आहे. बारा लाखांहून अधिक रक्कम हातात राहते आणि दाखला मिळालेला आहे. मुलीची शाळा बदलण्याची तयारी असेल, आणि आई-वडिलांना पंचवटीची सवय असेल, तर त्यात उणे काढण्यासारखे फारसे नाही. फक्त विकायची वेळ आली तर गंगापूर रोडच्या तुलनेत ग्राहक मिळायला जास्त वेळ लागेल हे गृहीत धरावे.

गंगापूर रोडच्या घराला मी पहिला क्रमांक देईन, पण तीन गोष्टी जुळल्या तरच: रस्ता ९ मीटर किंवा अधिक रुंदीचा असणे, भूखंड लाल पूररेषेच्या बाहेर असणे, आणि इमारतीला चालू स्थितीतली लिफ्ट असणे. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढणे आज आई-वडिलांना जमत असले तरी पाच वर्षांनी जमेलच असे नाही, आणि चार मजली जुन्या इमारतीत लिफ्ट नंतर बसवणे इतर सभासदांच्या संमतीवर अडते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी व्हायला हवी, तिचा अहवाल मागावा. अहवाल नसेल, तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पार्किंगमधल्या खांबांना गेलेले तडे आणि स्वयंपाकघर-न्हाणीघराच्या छतावरची ओल स्वतंत्र अभियंत्याकडून पाहून घ्यावी. दुरुस्तीचा अंदाज लेखी काढून तो किमतीतून वजा करायला सांगावे. ७९ लाख २० हजार हा बोलण्याचा आकडा आहे, देण्याचा नव्हे.

या तीन अटींपैकी एक जरी बसली नाही, तर घाई न करता चौथे घर शोधावे. राणेनगर, इंदिरानगरचा जुना भाग, गोविंदनगर या पट्ट्यात पाच ते दहा वर्षांची, पूर्णत्वाचा दाखला असलेली पुनर्विक्रीची घरे निघत असतात. तिथून अंबड जवळ आहे, द्वारका टाळून नाशिक रोडला जाता येते, मुंबई नाक्याभोवतीची रुग्णालये हाताशी आहेत आणि जीएसटी नाही. त्याच वेळी म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीवरही लक्ष ठेवावे. ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या खासगी प्रकल्पांत २० टक्के समावेशक घरे अल्प उत्पन्न गटांसाठी राखावी लागतात आणि ती चांगल्या वस्त्यांतही असतात. आपण दोघांच्या पगारामुळे उत्पन्न मर्यादेत बसणार नाही असे दिसते, परंतु धाकट्या भावाचे लग्न ठरल्याचे आपण लिहिले आहे, त्यांच्या उपयोगाचे आहे.

घर ठरल्यावर इसार देताना पावतीत तीन अटी लिहून घ्याव्यात: मूळ खरेदीखतांची साखळी व पूर्णत्वाचा दाखला दाखवणे, अपार्टमेंट किंवा सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र देणे, आणि कर्ज कागदपत्रांतील दोषामुळे नामंजूर झाल्यास इसाराची रक्कम ठरलेल्या मुदतीत परत करणे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा कायद्याने मनाई आहे. खरेदीची रक्कम ५० लाख किंवा अधिक असल्याने विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आधीच कापला जाणारा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी आपली आहे. गंगापूर रोडच्या जुन्या घरांचे मालक अनेकदा परदेशी स्थायिक झालेले असतात, आणि विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा नियम बदलून कपातीचा दर बराच वाढतो, म्हणून मालकाचा निवासी दर्जा इसार देण्यापूर्वीच विचारून सनदी लेखापालाकडून कपातीचा आकडा काढून घ्यावा.